बांध एक, निवेदनं तीन: गोव्यातल्या लहान शेतकरी संघटनांनी एकत्र काम कसं करावं

गोव्यात शेतकऱ्यांच्या संघटनांची वाण नाही. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, कुळांचे संघ आहेत, डोंगरउतारावर काजू बागायतदार आहेत, सुपारी-माडांच्या बागा राखणारे कुळागरवाले आहेत, दूध संस्था, महिलांचे स्वयंसाहाय्य गट, ऊसवाल्यांच्या समित्या आहेत. लेटरहेड प्रत्येकाचं आहे, शिक्काही आहे. घोडं अडतं ते पुढे. बांध फुटतो एक, पण मामलेदार कचेरीत त्याची निवेदनं जातात तीन. एकात बुडालेलं क्षेत्र एक, दुसऱ्यात दुसरं, तिसऱ्यात क्षेत्राऐवजी नुसती कैफियत. कारकून तिन्ही कागद एकाच फाइलीत लावतो आणि वरून शेरा पडतो, माहितीत तफावत, पडताळणी व्हावी. पडताळणी होईपर्यंत हंगाम हातचा जातो.

हा लेख अशा संघटनांसाठी आहे, ज्यांचे सभासद तीस-चाळीस, शिल्लक काही हजारांत आणि सगळा गाडा दोघा-तिघांवर. माझं म्हणणं एवढंच की एकीची सुरुवात मंच, महासंघ, अध्यक्ष यांच्यापासून करू नका. एक काम घ्या, त्याला तारीख आणि पैसा लावा आणि त्या कामापुरतं एकत्र या. महासंघ व्हायचाच असेल तर तो अशा दोन-तीन कामांनंतर होईल.

गोव्यात हे नवीन नाही. 1970 च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, उभे राहिले ते किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या धर्मांचे होते. मागणी मात्र एका वाक्यात मावणारी: किनाऱ्याजवळच्या पाण्यात ट्रॉलर नकोत. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्यातूनच पुढे आले आणि 1980 साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. 2011 सालापर्यंतच्या जमीन वापराचा जो प्रादेशिक आराखडा होता, त्याविरुद्धची चळवळही तशीच. 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला आणि त्या वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रंही (सेझ). दिल्लीच्या सीमांवर 2020-21 मध्ये बसलेल्या संघटनांचं एकमेकींशी कित्येक बाबतींत पटत नव्हतं, झेंडेही वेगळे होते. तीन कायदे रद्द करा, एवढ्या एका मागणीवर त्या वर्षभर टिकल्या.

आधी कोण कोण आहे ते लिहून काढा

वहीचं एक पान घ्या आणि आपल्या खाडीकाठच्या किंवा डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गावांत शेतीशी संबंध असलेल्या सगळ्या संस्था लिहा. नावापुढे तीन गोष्टी: खरे हजर राहणारे सभासद किती, शेवटची बैठक कधी झाली आणि निर्णय कोण घेतं. तिसरा रकाना महत्त्वाचा. अध्यक्ष एक असतो आणि ज्याच्या शब्दावर लोक हलतात तो माणूस दुसराच असतो.

या यादीत कूळ संघ विसरू नका. लोक त्याला टेनंट असोसिएशन म्हणूनच ओळखतात. 1964 च्या कूळ कायद्याखाली 1975 साली जे नियम झाले, त्यांनुसार बांध आणि मानस (बांधातली पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) यांची सामाईक जबाबदारी या संघांवर येते. त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची. म्हणजे खाजनातल्या कामात कायद्याने ज्याचा शब्द चालतो ती संस्था हीच. ती झोपलेली असेल तर तिला बगल देऊन नवी समिती काढू नका. मामलेदाराकडे अर्ज देऊन तिची सर्वसाधारण सभा बोलवायला लावा. समांतर समितीला कचेरीत पहिला प्रश्न येतो तो "तुम्ही कोण?" हाच.

कोमुनिदादची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, जमीन असेल तर कोमुनिदाद यादीत हवी, देवस्थानची असेल तर देवस्थान समिती. वन हक्क कायद्याखालची समिती असेल तर तीही. आणि मासळीवाले. मानशीत मासळी धरणारा लिलावदार हा आपला शत्रू, असं धरून चालण्याची खोड भातशेतकऱ्यांना आहे. तो बाहेर राहिला की पुढचं सगळं अडतं.

एकच काम निवडा

भाव, भरपाई, गवे, पाणी, जमिनीची विक्री, मजूर हे सगळे प्रश्न खरे आहेत. सगळे एका पत्रकात घालता येतात, एका वर्षात सुटत नाहीत. म्हणून निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. एका गावाने एकट्याने केलं तर ते अपुरं पडतं का? येत्या दोन हंगामांत त्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडेल का? आणि प्रत्येक गटाला त्यात स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं का, मग ते पैसे असोत, श्रम असोत की ट्रॅक्टरचा एक दिवस? तिन्हींना हो आलं तर काम घ्या. तिसऱ्याला नाही आलं तर ती नुसती सह्यांची मोहीम होईल आणि सह्यांना आपल्याकडे तोटा कधीच नव्हता.

या कसोट्यांना उतरणारी कामं अशी: एका खाडीवरचे बांध, डोंगराच्या एका बाजूचं सौर कुंपण, भातकापणीच्या यंत्राचं सामाईक बुकिंग, मोकाट गुरांचा बंदोबस्त, काजूच्या बागायतींतली आग रोखण्यासाठी उन्हाळ्याआधी काढायचे जाळपट्टे.

यंत्राचं उदाहरण लहान आहे, पण सुरुवातीला तेच बरं. कापणीची हार्वेस्टर यंत्रं बरीचशी बाहेरून येतात आणि सगळ्यांना ती एकाच पंधरवड्यात हवी असतात. तीन गावांनी मिळून बोलणी केली तर यंत्रवाल्याला सलग काम मिळतं आणि तो दरात उतरतो. क्रम लावताना नात्यागोत्याचा विचार आला की संपलं. भाताच्या जातींत ज्योती जयापेक्षा आधी पिकते, म्हणून ज्योतीची शेतं आधी. मग ज्या शेतात पाणी आधी ओसरतं ती, मग रस्त्याच्या सोयीने बाकीची. हा क्रम ऑगस्टमध्येच कागदावर लिहून तिन्ही गावांत लावा. ऑक्टोबरात पाऊस डोक्यावर असताना क्रम ठरवायला बसलात तर भांडण होणारच.

जिथे हित वेगळं आहे, तिथून सुरुवात करा

एकीच्या बैठकांत वेगळेपणाचा विषय काढायचा नसतो, असा एक समज आहे. मला उलट वाटतं. जे खटकणार आहे ते पहिल्याच दिवशी टेबलावर आलं पाहिजे. खाजनाचं उदाहरण घेऊन हे सविस्तर सांगतो, कारण गोव्याची शेती जिथे सर्वांत नाजूक आहे ती हीच जागा.

समजा, शापोरा नदीच्या काठाला लागून तीन गावांची तीन खाजनं आहेत. नदीच्या तोंडाजवळचं पहिलं 12 हेक्टरांचं, मधलं 20, आतलं 8. बाहेरचा मोठा बांध चिखलाचा, नदीच्या अंगाला दगड लावलेला. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतात. माणसाने फक्त ती अडकू नयेत एवढं पाहायचं. बांधाला पहिली इजा होते ती बहुधा कुर्ल्यांच्या बिळांतून. बोटभर भोक, त्यातून पाझर, अमावास्येच्या उधाणात त्याचं हातभर आणि कुणी पाहिलं नाही तर सकाळपर्यंत तिथे गाडी जाईल एवढं भगदाड. आत शिरलेलं खारं पाणी मधल्या बुटक्या मेरा ओलांडून शेजारच्या खाजनात उतरतं. ते मीठ एका पावसाळ्यात निघून जाईलच असं नाही. कोरगुटासारखं खारं सोसणारं बियाणं असेल तर निदान काहीतरी हाती लागतं, जयावाला मात्र पुरता बुडतो.

आता हित कुठे वेगळं होतं ते पाहा. पहिल्या खाजनाकडे शेत मधल्याहून कमी आणि बाहेरचा बांध सर्वांत लांब. आतल्या खाजनाला बाहेरचा बांध जवळपास नाहीच, तरी ते सुरक्षित आहे ते पहिल्याच्या बांधामुळे. दुरुस्तीचा खर्च "ज्याचा बांध त्याचा" असा ठेवला तर पहिल्या गावाने हात टेकले की तिन्ही बुडणार. म्हणून खर्च बांधाच्या लांबीवर न लावता राखलेल्या क्षेत्रावर लावा. एक लाख वीस हजारांचं काम असेल तर 40 हेक्टरांवर हेक्टरी तीन हजार पडतात: पहिल्याकडे 36 हजार, मधल्याकडे 60 हजार, आतल्याकडे 24 हजार. आतलं गाव आधी कुरकुरेल. त्यांना बैठकीच्या खोलीत समजावू नका, उधाणाच्या दिवशी बांधावर न्या.

दुसरी गाठ मानशीच्या लिलावाची. लिलावदाराला मासळी हवी, म्हणून दारं जास्त वेळ उघडी राहिली तर त्याचा फायदा. भातवाल्याला खारं पाणी आत नको. दोघांचंही बरोबर आहे. मार्ग भाषणांतून निघत नाही, लिलावाच्या अटींतून निघतो. अटीत तारीख घाला, की अमुक दिवसानंतर पुढची कापणी होईपर्यंत खारं पाणी आत घेता येणार नाही. अनामत घाला आणि अट मोडली तर ती जप्त होऊन बांधाच्या खात्यात जाईल असं लिहा. दारांची पाहणी संघाच्या दोघांनी आणि लिलावदाराच्या एकाने मिळून करायची, वहीत सही करायची. लिलावाच्या पैशाचा ठरलेला हिस्सा बांधासाठीच राहील हा ठराव लिलावाआधी करा. पैसा हातात आल्यावर तो ठराव कुणी होऊ देत नाही. आणि तिन्ही गावांच्या अटी सारख्याच ठेवा, नाहीतर सगळ्यांत सैल अटींच्या मानशीवर बोली चढते आणि खारं पाणी तिथूनच आत येतं.

तिसरी गाठ कूळ आणि भाटकार (जमीनमालक) यांची. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे. मालकीचे खटले या कामात आणू नका. "या समितीतल्या कोणत्याही कागदाचा उपयोग मालकी किंवा कूळ हक्क सिद्ध करण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी करता येणार नाही" हे वाक्य संघटनांच्या आपसातल्या समझोत्यात (त्याचा नमुना पुढे आहे) घाला. ते नसलं तर भाटकार सही करणार नाही आणि कुळालाही धास्ती राहील.

पहिली बैठक

बोलावणं एका संघटनेच्या लेटरहेडवर काढू नका. निदान दोन गावांच्या सह्यांनी काढा आणि जागा तिसऱ्या गावात ठेवा. देवळाचा मंडप बहुतेकांना सोयीचा वाटतो, पण देवस्थानचा वाद चालू असेल किंवा वाड्यावर ख्रिस्ती शेतकरी बरेच असतील तर शाळा किंवा पंचायत घर बरं. पंचायत निवडणुका आपल्याकडे पक्षचिन्हांवर होत नसल्या तरी कोण कुणाचा हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर अशी बैठक घेऊच नये. चतुर्थीचे दिवस, शिगमा आणि लावणीचा पंधरवडा सोडा. मे महिन्यातल्या दुरुस्तीसाठी बैठक जानेवारीत हवी, एप्रिलमध्ये नव्हे.

वेळ ठरवताना बायकांना विचारा. लावणी, खुरपणी, बाजारात बसणं हे सगळं त्यांच्याकडे आणि बैठक मात्र संध्याकाळी सात वाजता, स्वयंपाकाच्या वेळी, हे बरंच पाहायला मिळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणत्या महिन्यात कशाला काय दर मिळाला हे त्यांच्या तोंडावर असतं, ते कुठल्याही अहवालात सापडत नाही.

प्रत्येक संघटनेचे दोनच प्रतिनिधी, त्यांतली एक बाई. मोठ्या संघटनेला जास्त मतं असा नियम लहान गटांना पहिल्या महिन्यातच पळवून लावतो. बैठकीचा वृत्तांत तिथल्या तिथे लिहून, वाचून दाखवून सह्या घ्या. "नंतर टाइप करून पाठवतो" म्हटलेला वृत्तांत येत नाही आणि आलाच तर त्यात न ठरलेलंही असतं.

एका पानाचा समझोता

घटना, उपविधी, उद्दिष्टं क्रमांक एक ते अठरा, यांत पडू नका. एक पान पुरतं. नमुना देतो, गरजेप्रमाणे बदला:

"आम्ही खाली सह्या करणाऱ्या संघटना __ या कामापुरत्या दिनांक __ ते __ या काळासाठी एकत्र आलो आहोत. प्रत्येक संघटना आपल्या कारभारात स्वतंत्र राहील. या कामाबाबत सरकारी खात्याशी पत्रव्यवहार सर्वांच्या वतीने फक्त संयुक्त समिती करील; इतर विषयांवर प्रत्येकीला मोकळीक आहे. निर्णय सहमतीने होतील. सलग दोन बैठकांत सहमती झाली नाही तर प्रत्येक संघटनेला एक मत राहील. खर्चाची वाटणी सोबतच्या तक्त्याप्रमाणे. कोणतीही संघटना एक महिन्याची लेखी सूचना देऊन बाहेर पडू शकते, मात्र तोवरच्या खर्चातला आपला वाटा ती भरील. समितीच्या नावाने कोणत्याही पक्षाला वा उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला जाणार नाही."

बाहेर पडण्याचं कलम ठेवलं की लोक पळतात, अशी भीती काहींना वाटते. अनुभव उलटा आहे. दार उघडं दिसलं की माणसं निवांत बसतात.

पैसा

दोघांच्या सहीचं बँक खातं, दोघं वेगवेगळ्या गावांचे. दर महिन्याला जमाखर्चाचा कागद तिन्ही गावांच्या फलकांवर. बस्स. आमदार निधी किंवा कुणा मोठ्या माणसाची देणगी आलीच तर ती कामाच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका, नाहीतर उद्घाटनाला पाटी त्यांची लागते आणि देखभालीला कुणीच उरत नाही.

आकडा एकच असावा

संयुक्त कामाचा खरा जोर इथे आहे आणि नेमकं इथेच आपण कमी पडतो. नुकसानीची नोंद करायला सगळ्या गावांनी एकच फॉर्म वापरावा. त्यात रकाने हे: शेतकऱ्याचं नाव, कृषी कार्डाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, एक-चौदाच्या (गोव्यातल्या सातबारासारख्या) उताऱ्यावर नाव कुणाचं, प्रत्यक्ष कसतं कोण, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची तारीख, कारण, फोटोचा क्रमांक. नोंद दोन दिवसांत व्हावी. गव्यांनी तुडवलेलं भात आठवड्याने पाहिलं तर ते पावसाने लोळलं की जनावराने, हे सांगता येत नाही.

"कसतं कोण" हा रकाना वगळायचा मोह होतो, कारण तो नाजूक आहे. तो वगळू नका. ज्याचं नाव उताऱ्यावर नाही आणि ज्याच्याकडे कृषी कार्डही नाही, असा माणूस भरपाईच्या यादीतून आपोआप गळतो. अशी नावं वेगळी काढली की संयुक्त समितीचं एक जास्तीचं काम ठरतं: विभागीय कृषी कार्यालयात जाऊन एकेकाची कागदपत्रं पुरी करून घेणं. कंटाळवाणं काम आहे, पण समितीवर लोकांचा विश्वास बसतो तो याच कामामुळे.

सरकारकडची माहिती मागायला माहिती अधिकार आहेच. अर्जाला 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. तीन गावांनी तीन अर्ज करण्याऐवजी प्रश्न वाटून घ्या. एकाने बांध दुरुस्तीवर मंजूर झालेला निधी विचारावा, दुसऱ्याने कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिका, तिसऱ्याने फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी. उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की चित्र दिसतं.

निवेदन, ठराव आणि पाठपुरावा

निवेदनाआधी ग्रामसभा. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत शब्दशः एकच ठराव मांडा. मजकूर असा काहीसा: "__ खाडीवरील सर्व्हे क्र. __ मधील बांधाची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करावी, कामाचं अंदाजपत्रक कूळ संघाला दाखवावं आणि काम सुरू होण्यापूर्वी संयुक्त पाहणी करावी, असा ठराव ही ग्रामसभा करीत आहे." शब्द बदलले की पुन्हा तफावत आली. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला का, हे त्याच आठवड्यात सचिवाकडे जाऊन पाहा आणि प्रत घ्या.

निवेदन मराठीत देता येतं. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे. मजकूर एक पान, सोबत नकाशा, नुकसानीचा एकत्रित तक्ता, ठरावांच्या प्रती. मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका.

पाठपुरावा करायला दर वेळी वेगळ्या गावाचा माणूस पाठवा, पण त्याच्याबरोबर मागच्या वेळचा एक असावा. एकच माणूस सतत गेला की दोन गोष्टी होतात. तो थकतो किंवा साहेबाच्या खोलीत त्याला चहा मिळू लागतो. दोन्ही वाईट.

जमिनीच्या प्रश्नांत कायदा हाताशी असू द्या. 1991 च्या जमीन वापर नियमन कायद्याने कूळ कायद्याखालच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर रोखला आहे. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आले आहेत. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे. शेजारच्या गावात भराव पडताना दिसला तर "ते त्यांचं बघतील" म्हणू नका. पाण्याची वाट तिथे बुजली की तुंबतं आपल्या शेतात. अशा वेळी तक्रार त्या गावच्या संघटनेने करावी आणि बाकीच्यांनी आपापल्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र जोडावं. परस्पर दुसऱ्याच्या गावात जाऊन तक्रार केली तर तिथले लोकच दुखावतात.

मालविक्रीत एकत्र यायचं असेल तर

हे काम दुसऱ्या वर्षी घ्यावं. भाव पडला की एकी तुटते, म्हणून आधी लहान कामातून सवय हवी. काजूचं पाहा. आधारभूत दराचा लाभ घ्यायचा तर नोंदणीकृत संस्थेला माल घालून पावती मिळवावी लागते. लहान शेतकरी चार-पाच किलो बी घेऊन गावच्या दुकानदाराकडे जातो, पावती घेत नाही आणि लाभाला मुकतो. तीन वाड्यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस टेम्पो केला, प्रत्येकाच्या नावाने वेगळं वजन आणि वेगळी पावती घेतली, तर प्रश्न सुटतो. वजन वाड्यावरच, सगळ्यांसमोर, पत्र्याच्या काट्यावर नव्हे तर तपासलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. ओलं बी आणि सुकं बी वेगवेगळ्या पोत्यांत. एकाच्या ओल्या बियांमुळे सगळ्यांचा दर कापला गेला की पुढच्या आठवड्यात टेम्पो अर्धा रिकामा जातो.

भौगोलिक मानांकनाची वाटही सामूहिकच आहे. काणकोण तालुक्यातल्या खोल गावच्या मिरचीला ते मिळालं ते उत्पादकांच्या संघाच्या अर्जावर, कुणा एकट्याच्या नव्हे. आगशीची वांगी, मानकुराद आंबा, सात शिरांची भेंडी यांनाही आता मानांकन आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावून दर वाढत नाही. अस्सल माल कुठला हे ठरवणारी, भेसळ करणाऱ्या आपल्याच माणसाला थांबवणारी समिती लागते.

नोंदणीचा विचार इथे, यायचा तर येतो. संस्था नोंदणी कायदा 1860 खाली सात जणांना पुरतं, पण ती संस्था व्यापारासाठी नाही. सहकारी संस्था गोव्यात 2001 च्या कायद्याखाली नोंदली जाते. उत्पादक कंपनी काढायला दहा उत्पादक लागतात किंवा दोन उत्पादक संस्था. म्हणजे दोन गावांच्या नोंदलेल्या संस्था आपलं अस्तित्व राखून एकत्र कंपनी काढू शकतात. कंपनीचं वार्षिक कागदकाम आणि सीएची फी जड असते. वर्षाकाठी किती उलाढाल होईल याचा हिशेब मांडल्याशिवाय अनुदानाच्या आशेने कंपनी काढू नये. अशा नुसत्या पाट्या बऱ्याच आहेत.

फूट पडते तेव्हा

पडतेच. बहुतेक वेळा तिचं कारण तत्त्वाचं नसतं. कुणाचं नाव बातमीत आलं, कुणाचं राहिलं, कुणाला मंत्र्यांच्या भेटीला नेलं नाही. म्हणून वर्तमानपत्राला पत्रक देताना संघटनांची नावं अकारविल्हे, व्यक्तींची नावं नाहीत. भेटीला प्रत्येक गावाचा एक. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फक्त दोनच प्रकारचे संदेश, बैठकीची सूचना आणि वृत्तांताचा फोटो. वाद आलाच तर फोन उचला.

सरकारने एका गावाचं काम आधी मंजूर केलं आणि बाकीच्यांचं ठेवलं, तर ती खरी परीक्षा. ज्याचं झालं त्याने पुढच्या निवेदनावर सही केली नाही की समिती मेली. समझोत्यात म्हणूनच लिहा की यादीतलं शेवटचं काम होईपर्यंत सगळे सही करतील आणि ज्याचं आधी झालं त्याचा माणूस पुढच्या भेटीत सगळ्यांत आधी बोलेल. साहेबासमोर "आमचं झालं, आता यांचं करा" हे वाक्य दहा मागण्यांपेक्षा भारी पडतं.

डोंगरापलीकडे, सीमेपलीकडे

गवे, रानडुकरं, माकडं, शेकरू यांना पंचायतीची हद्द कळत नाही. एका गावाने सौर कुंपण घातलं की कळप शेजारच्या गावात उतरतो आणि शेजारी आपल्यावर चिडतो. कुंपण डोंगराच्या पायथ्याला सलग, दोन-तीन गावांचं मिळून असलं तरच उपयोगी. त्यातही देखभाल महत्त्वाची. तारेला वेल चढली की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत काढणाऱ्या वाड्यांची पाळी लावा. घरच्या विजेचा प्रवाह तारेत सोडण्याचा विचार कुणी केला तर त्याला त्याच बैठकीत थांबवा. माणूस मरतो, जनावर मरतं आणि वन्यजीव कायद्याचा गुन्हा अंगावर येतो. अनुदानाचे चालू दर विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या, सामूहिक अर्जासाठी प्रत्येकाचं संमतीपत्र तयार ठेवा.

2025 च्या पावसाळ्याअखेर ओंकार हत्ती सिंधुदुर्गातून पेडणे तालुक्यात उतरला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांसाठी ते नवल होतं. दोडामार्गवाले मात्र वीसेक वर्षं हत्तींसोबत जगत आहेत. पंचनाम्यात काय लिहावं, माड पडला तर भरपाई कशी मागावी, रात्री राखणीला जाताना काय करू नये, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. राज्य वेगळं, कायद्याचे दर वेगळे, पण भाषा एकच आणि सोयरीकही. तिळारीच्या कालव्याचं पाणी दोन्हीकडे येतं, म्हणजे त्याच्या प्रश्नांवरही बोलणं दोन्हीकडच्यांनी मिळून करायला हवं. सुरुवात म्हणून वर्षातून एकदा दोन्ही बाजूंच्या चार-चार जणांनी एकमेकांच्या शेतात दिवसभर फिरावं, बियाण्याच्या चार पिशव्या न्याव्यात, चार आणाव्यात. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत.

काम संपल्यावर

समझोत्याची तारीख संपली की समिती आपोआप पुढे चालू ठेवू नका. शेवटची बैठक घ्या. हिशेब तपासून घ्यायला समितीबाहेरचे दोघे नेमा, एखादे निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले कुणी गावात असतातच. शिल्लक ज्या प्रमाणात पैसे घेतले त्याच प्रमाणात परत करा किंवा पुढच्या वर्षीच्या बांधपाहणीसाठी ठेवायची असेल तर तसा ठराव लिहा. सगळ्या कागदांचे तीन संच करा आणि प्रत्येक गावात एकेक ठेवा, त्यात माहिती अधिकाराची उत्तरं आणि पोचपावत्याही. मग पुढचं काम घ्यायचं का, कुणाबरोबर घ्यायचं, याची चर्चा वेगळ्या दिवशी, नव्या पानावर.